अफूबाजांचे पाळक : शान्सी प्रांतातील शी शंगमो

आमचे कित्येक उपदेशकबंधू आम्हांस विचारीत असतात की, गावातील अमुक गृहस्थ व्यसन सोडतो, चार महिने नेमाने मंडळीत येऊन बसतो, आणि एके दिवशी पुन्हा पूर्वीच्याच वाटेस लागतो. अशा माणसाचे काय करावे? ह्या प्रश्नास एका ओळीत बसेल असे उत्तर आम्हांपाशी नाही. परंतु ज्या एका पुरुषाने हाच प्रश्न उरावर घेऊन चीन देशाच्या खेड्यापाड्यांतून पंधरा-सोळा वर्षे पायपीट केली, आणि जो स्वतः दहा वर्षे अफूच्या पाशात जखडलेला होता, त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. त्या पुरुषाचे नाव शी. युरोप-अमेरिकेतील मिशनमंडळ्यांत तो पाळक शी ह्या नावाने विख्यात आहे. त्यास जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याच्या कामातून शिकण्यासारखे अद्याप पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखेही काही आहे.

चीनच्या उत्तर भागी शान्सी नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यातून फेन नदी दक्षिणेस वाहत जाते, आणि तिच्या खोऱ्यात पिंगयांग नावाचे जुने शहर आहे. हल्ली त्यास लिनफेन म्हणतात. ह्या शहराजवळील पश्चिम चांग नावाच्या खेड्यात १८३६ सालाच्या सुमारास शी यांचा जन्म झाला. घराणे विद्वानांचे व खाऊनपिऊन सुखी होते. त्या काळी चीनमध्ये प्राचीन शास्त्रग्रंथांच्या परीक्षा देऊन पदवी मिळविणाऱ्यास मोठा मान असे. शी यांनी अगदी लहान वयातच पहिली पदवी मिळविली. त्यांची बुद्धी तीक्ष्ण आणि वाणी धारदार असून स्वभाव तापट होता. गावोगावचे लोक भांडणतंटे घेऊन त्यांजकडे येत, अर्ज व कज्जेदलालीची कागदपत्रे त्यांजकडून लिहवून घेत. आमच्याकडे एखाद्या हुशार कुळकर्ण्याचा जसा दरारा असे, तसाच त्यांचाही पंचक्रोशीत होता.

अफू त्यांच्या घरात कशी शिरली? ती चैनीच्या दाराने आली नाही, औषधाच्या दाराने आली. पहिली पत्नी तरुणपणीच वारली. पुढे दुसरे लग्न झाले. तिशी उलटल्यावर शरीर खंगू लागले, मनास उदासीनता आली, आणि कोणत्याच उपायाने गुण येईना. मित्रांनी सांगितले, थोडी अफू ओढून पाहा. पाहिली, आणि बरे वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरे वाटावे म्हणून पुन्हा ओढली. वाचकहो, ह्या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड असाच असतो. आमच्याकडे दळणकांडण किंवा गिरणीतील काम उरकावे म्हणून तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देणाऱ्या आयांची संख्या काही थोडी नव्हती. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या चाळींतून ज्या स्त्री-डॉक्टरांनी चौकशी केली, त्यांस ही चाल घरोघर आढळली. त्या आया दुष्ट नव्हत्या, आणि शी हेही मूर्ख नव्हते.

दहा वर्षे गेली. अंगावर मांस राहिले नाही, घरातील चीजवस्तू कमी होत चालली, आणि एकदा तर दुखणे इतके विकोपास गेले की, तिकडील चालीप्रमाणे घरच्यांनी त्यांस उत्तम वस्त्रे नेसवून मरणाची वाट पाहिली. ते मेले नाहीत. उठले आणि पुन्हा नळी हाती घेतली.

येथे क्षणभर थांबून, ही अफू चीनमध्ये इतकी पसरली कशी, हे सांगितले पाहिजे, कारण त्यात आमच्या मुंबई बंदराचाही हात आहे. माळव्यात, होळकर-शिंद्यांच्या मुलखात, अफूचे पीक अमाप येई. तो माल पेट्या भरून मुंबईस उतरे, त्यावर इंग्रज सरकार जकात घेई, आणि तेथून जहाजे चीनच्या किनाऱ्याकडे निघत. बिहारची सरकारी अफू कलकत्त्याहून जाई ती निराळीच. मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांची संपत्ती ह्या व्यापाराने वाढली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पैशाने बांधलेल्या ज्या रुग्णालयात आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी औषधोपचार घेतला असेल, त्या पैशातही कापसाच्या बरोबरीने अफूचा वाटा होता. चीनच्या सरकारने हा माल रोखू पाहिला, तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे करून तो मार्ग उघडा करविला. पुढे चिनी शेतकरी स्वतःच अफू पेरू लागले. शी यांच्या शान्सी प्रांतात तर मुंबईच्या अफूची गरजच उरली नाही. चांगल्या पाणथळ जमिनीत गव्हाऐवजी अफूची बोंडे डोलू लागली. तेव्हा सगळा दोष एका देशावर टाकता येत नाही, परंतु पहिले बी कोणी नेऊन टाकले हे विसरणेही बरे नव्हे. ह्याच काळात पुण्याच्या सुंदराबाई पवार ह्या आमच्या ख्रिस्ती भगिनीने इंग्लंडात जाऊन सभांतून ह्या व्यापाराविरुद्ध आवाज उठविला होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे.

मग १८७६ साली पाऊस गेला. एक वर्ष नव्हे, लागोपाठ तीन वर्षे. १८७९ पर्यंत उत्तर चीनमध्ये भुकेने व तापाने ९० लाखांपासून १ कोटी ३० लाखांपर्यंत माणसे मेली असे इतिहासकार मानतात, आणि सर्वांत मोठा घाव शान्सीवर पडला. कोठारात धान्य नव्हते, कारण धान्याच्या जागी अफू पेरली होती. निदान प्रांताच्या अधिकाऱ्यांनी तरी हे एक मोठे कारण म्हणून नोंदविले. आमच्या दक्षिणेतही त्याच सुमारास, १८७६ ते १८७८, दुष्काळाने हाहाकार उडाला होता, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

दुष्काळपीडितांस मदत वाटावयास आलेल्या मिशनऱ्यांत डेव्हिड हिल नावाचे एक वेस्लियन गृहस्थ होते. यॉर्क शहरच्या सधन घराण्यातला हा मनुष्य. चिनी वेष करून, साधे अन्न खाऊन राही. दुष्काळ ओसरल्यावर त्यांनी एक युक्ती केली. विद्वान लोक परक्यांचा उपदेश ऐकावयास येत नाहीत हे जाणून १८७९ साली त्यांनी निबंधांची चढाओढ जाहीर केली आणि बक्षिसे लाविली. दिलेल्या विषयांत एक विषय अफू हा होता! शी यांनी निरनिराळ्या नावांनी लेख पाठविले, आणि चार बक्षिसांपैकी तीन त्यांच्याच लेखांस मिळाली. बक्षीस आणावयास मात्र जाववेना. परदेशी मनुष्य डोळ्यांत पाहून भुरळ घालतो अशी लोकवार्ता होती. शेवटी भीत भीत गेले, आणि हिल यांचा चेहरा पाहून ती भीती गळून पडली. पुढे हिल यांनी त्यांस चिनी भाषेचे पंडित म्हणून आपल्या घरी ठेवून घेतले. खोलीत नवा करार ठेवलेला असे. अफूच्या धुरात डोळे अर्धवट मिटलेल्या त्या विद्वानाने तो उघडला, आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचता वाचता गुडघे टेकले.

विश्वास धरला म्हणून तलफ गेली, असे झाले नाही, आणि हे आम्ही मुद्दाम ठळकपणे लिहीत आहो. नळी टाकल्यावर सात दिवस व सात रात्री त्यांस अन्न गेले नाही की झोप लागली नाही. ज्यांनी अफू सोडणारा मनुष्य जवळून पाहिला आहे त्यांस हे ठाऊक आहे : हाडे मोडल्यासारखी दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, उलट्याजुलाब होतात, अंगावर काटा येतो, आणि मन एकच गोष्ट मागत राहते. हिल यांनी औषध दिले. त्याने विशेष गुण आला नाही. शी यांची दृढ समजूत अशी होती की, ही लढाई नुसत्या देहाची नसून सैतानाशी आहे. म्हणून मेलो तरी बेहत्तर, पण पुन्हा शिवणार नाही, असा निश्चय करून ते देवाची करुणा भाकीत पडून राहिले, आणि अखेर सुटले. त्यांनी आपले नाव बदलून शंगमो असे ठेवले. त्याचा अर्थ दुरात्म्यांस जिंकणारा.

ह्या प्रसंगाबद्दल आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. शी यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहो. तथापि आपल्या गावच्या अफूबाजास कोणी खोलीत कोंडून सात दिवसांनी बाहेर काढील, तर ते त्यांचे अनुकरण होणार नाही. आज वैद्यकशास्त्रास हे पक्के कळले आहे की, अफू, हेरॉइन, किंवा वेदनाशामक म्हणून मिळणाऱ्या त्याच जातीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवल्या म्हणजे शरीराची सोसण्याची शक्ती उतरते. मग तो मनुष्य पुन्हा घसरून पूर्वीच्याच मापाने घेईल, तर श्वास थांबून मरण्याचा धोका पूर्वीपेक्षा अधिक असतो. म्हणून डॉक्टर हल्ली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथडोन यांसारखे औषध मोजून देतात, आणि गरज पडल्यास वर्षानुवर्षे चालू ठेवतात. एक व्यसन काढून दुसरे लाविले अशी टीका पुष्कळ भाविक लोक करतात. मधुमेहाच्या रोग्यास रोजची सुई टोचून घेताना कोणी व्यसनी म्हणत नाही, एवढेच आम्ही त्यांस सुचवितो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. बरा झालेला मनुष्य घरी परतला म्हणजे गाव त्याच्या प्रार्थना मोजीत नाही, त्याचे वागणे मोजतो. शी यांनी भांडून घराबाहेर काढलेल्या वृद्ध सावत्र आईस सन्मानाने परत आणिले. वितुष्ट आलेल्या भावांशी गोडी केली. त्यांच्या पत्नीस मात्र एक विलक्षण आजार जडला. झटके येत, शिव्याशाप तोंडातून निघत, आणि गाव म्हणू लागले की देव सोडले त्याचे हे फळ. शी यांनी तीन दिवस उपास व प्रार्थना केली. बाई बऱ्या झाल्या, आणि पुढे नवऱ्याच्या कामात अशा उभ्या राहिल्या की त्यांचे नाव ह्या चरित्रात बरोबरीने लिहावे लागते. गावकऱ्यांनी तर शी यांस गावचा मुख्य नेमिले! देवळातील पूजाअर्चा आपण करविणार नाही, ही त्यांची अट मान्य करूनही नेमिले, कारण हिशेब चोख राही आणि तंटे मिटत.

जवळच्या बाजारगावी त्यांनी औषधांचे एक दुकान उघडले. चिनी वैद्यकाची त्यांस चांगली माहिती होती. दुकानात येणाऱ्यांस औषधाबरोबर शुभवर्तमानही मिळे. परंतु येणाऱ्यांत निम्मे लोक असे की, त्यांचे खरे दुखणे अफू हेच होते. पुडी बांधून देऊन अशा रोग्यास घरी पाठविण्यात अर्थ नाही हे शी यांस स्वानुभवाने ठाऊक होते. घरी नळी तशीच भिंतीला टेकलेली असते, आणि शेजारी मित्र तसाच आडवा पडलेला असतो.

उपाय सुचला तो एका खेड्यात. फान नावाच्या एका नवख्रिस्ती गृहस्थाने आपल्याच घरी अफू सोडू इच्छिणाऱ्यांस राहावयास जागा दिली. शी तेथे येऊन औषध व उपदेश देऊ लागले. आरंभी गोळ्या पिंगयांगच्या मिशनऱ्यांकडून येत. एकदा रोगी घरात पडलेले असताना गोळ्या संपल्या आणि नव्या मिळण्याची आशा दिसेना. शी यांनी उपास केला, आणि आपल्याच ज्ञानातील देशी वनस्पती व द्रव्ये घेऊन एक गोळी तयार केली. ती लागू पडली. तेव्हापासून औषधासाठी परक्याच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण उरले नाही. ह्या गोळीची त्यांनी पुढे दोन-तीन प्रकारांत सुधारणा केली, आणि ती कुटण्यावळण्याचे काम त्यांच्या स्वतःच्या घरी, पत्नीच्या देखरेखीखाली चाले.

गोळीविषयी आम्ही फार भाविक होऊ इच्छीत नाही. त्या काळी चीनभर अफू सोडविण्याच्या नावाने ज्या गोळ्या विकल्या जात, त्यांपैकी पुष्कळांत मॉर्फिन, म्हणजे अफूचाच अर्क, असे. मिशनऱ्यांनी वाटलेल्या अशा गोळ्यांस काही ठिकाणी लोकांनी येशूची अफू असे नाव दिले होते, आणि ते नाव आमच्या मते केवळ थट्टेने दिलेले नव्हते. बाजारातून विकत घेऊन मनास येईल तशी खाल्लेली गोळी ही नवी नळीच होय. तेच औषध जाणत्या माणसाने डोळ्यांदेखत मोजून दिले, आणि देणारा रोग्याजवळच राहिला, म्हणजे त्याचे काम निराळे होते.

शी यांच्या आश्रयगृहांचे खरे बळ गोळीत नव्हते. ते राहणीत होते. येणाऱ्याने काही आठवडे तेथेच राहावयाचे. जेवणाखाणाचा व औषधाचा खर्च ज्याचा त्याने द्यावयाचा. फुकट काही नाही. ह्यामुळे गृह परदेशच्या पैशावर अवलंबून राहिले नाही, आणि पैसे मोजून आलेला मनुष्य तिसऱ्या दिवशी पळून जावयास जरा कचरे. सकाळसंध्याकाळ प्रार्थना होई, वचने पाठ होत, आणि शी यांनी स्वतः रचलेली गीते गाइली जात. रात्र हीच सर्वांत कठीण. त्या वेळी रोग्याच्या उशाशी जो बसे, तो पगारी नोकर नसे. तो काल-परवाच ह्याच खाटेवर तळमळलेला मनुष्य असे. कळा कधी कमी होतील, हे तो पुस्तकावरून सांगत नसे. हिंदुस्थानात असो वा अन्यत्र, आज जेथे व्यसनमुक्तीचे काम खरोखर चालते, तेथे बऱ्या झालेल्यास सोबतीस बसविण्याची हीच रीत दिसून येते. शान्सीच्या खेड्यांत ती १८८० नंतर लवकरच रूढ झाली होती.

आणि सुटून घरी गेलेल्यास विसरावयाचे नाही, हा दुसरा नेम. चार-सहा गावांतले बरे झालेले लोक रविवारी कोणाच्या तरी घरी जमत. अशा जमावांतूनच पुढे मंडळ्या उभ्या राहिल्या. कोणी पडला तर दुसरे त्यास घेऊन पुन्हा आश्रयगृहाच्या दाराशी येत. सगळेच टिकले असे कोणी समजू नये. पुष्कळ पडले, काही पडलेच राहिले.

काम वाढू लागले तशी मागणीही वाढली. ह्वोचाव नावाचे एक शहर उत्तरेच्या वाटेवर होते. शी यांच्या फार मनात होते की तेथे एक गृह उघडावे. घरच्या प्रार्थनेत ते रोज त्या शहराचे नाव घेत. बाईंनी विचारले की, इतके दिवस मागणे मागता, मग जाऊन उघडीत का नाही? शी यांनी सांगितले की, घर भाड्याने घ्यावयास व सामान जमवावयास जी रक्कम लागेल ती आपल्यापाशी नाही. बाई काही बोलल्या नाहीत. मग एके दिवशी प्रार्थनेनंतर त्या एक गाठोडे घेऊन आल्या आणि ते नवऱ्यापुढे ठेविले. त्यात त्यांच्या लग्नातील सोन्यारुप्याचे दागिने होते : बांगड्या, कर्णभूषणे, अंगठ्या, केसांत खोवावयाच्या सळया. आपल्याला ह्यावाचून चालेल, ह्वोचावला ते उपयोगी पडू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. आमच्या वाचक-भगिनींस हे समजावून सांगावयास नको. चीनमध्ये सधवा स्त्रीने मोकळ्या हातांनी, मोकळ्या कानांनी चारचौघींत वावरणे म्हणजे काय, हे आमच्याकडे हातांत बांगडी नसताना लग्नघरी जाऊन पाहिले म्हणजे कळेल. शी यांनी ते गाठोडे घेतले. दागिने विकले गेले आणि ह्वोचावचे आश्रयगृह उघडले.

त्यानंतर हुंगतुंग, चावचंग, आणि शेजारच्या शेन्सी प्रांताची राजधानी सिआन. सिआनमध्ये त्या वेळी परदेशी मिशनऱ्यांस पाय ठेवू देत नसत. परंतु अफू सोडविणारे चिनी गृहस्थ येऊन राहिले तर त्यांस कोण हरकत घेणार? शी यांच्या हयातीत अशी गृहे चार प्रांतांत चाळीसांहून अधिक झाली. ही सर्व एकाच वेळी चालू होती असे मात्र नव्हे. माणूस मिळाला की उघडे, माणूस ढळला की बंद पडे. म्हणून शी यांनी पश्चिम चांग येथील आपल्या घरालाच शाळेचे रूप दिले. घरास नाव दिले मधले एदेन. तेथे पन्नास-साठ माणसे एकत्र राहत; शेत नांगरीत, पाणी ओढीत, गोळ्या वळीत, शास्त्र शिकत. त्यांपैकी बहुतेक पूर्वीचे अफूबाज. कोण रात्री जागू शकतो, कोणाच्या हाती पैसा ठेविला तर टिकतो, हे शी तेथे पारखीत, आणि मग त्यास दूरच्या गृहावर पाठवीत.

पारख चुके, हेही लिहिले पाहिजे. गृहांतून पैसा येऊ लागला, आणि पैशाबरोबर हेवा आला. १८८० नंतरच्या दशकातच, अगदी आरंभीच्या सोबत्यांपैकी काही जण उलटले. त्यांनी शी यांच्या गृहांशेजारी आपली गृहे थाटली, स्वस्त गोळ्या काढल्या, लोक फोडले, मंडळीच्या सभांत दांडगाई करण्यापर्यंत मजल गेली. शी यांचे उत्पन्न तुटले, आणि त्याहून मोठे म्हणजे गावकरी हसू लागले. काही वर्षांत ती विरोधी गृहे आपोआप बसली. तथापि सर्व दोष उलटणाऱ्यांचाच होता असे आम्ही म्हणणार नाही. शी यांचा हात जड होता. नेमणूक त्यांची, हिशेब त्यांचा, शब्द शेवटचा त्यांचा. १८८६ साली चीन अंतर्देशीय मिशनचे संस्थापक हडसन टेलर शान्सीस आले आणि त्यांनी शी यांस त्या भागातील मंडळ्यांचे पाळक म्हणून नेमिले. ह्या नेमणुकीवरून कित्येकांच्या मनात आणखीच अढी बसली.

अशा माणसाबरोबर काम करणे सोपे नव्हते, आणि परदेशी मिशनऱ्यास तर मुळीच नव्हते. कोणी गोरा आपल्यावर मुकादमी करील ही कल्पनाच शी यांस सोसत नसे. डिक्सन होस्ट नावाचे एक तरुण लष्करी अधिकारी नोकरी सोडून १८८५ साली चीनमध्ये आले होते. हुंगतुंगास राहून सुमारे दहा वर्षे त्यांनी शी यांच्याबरोबर काम केले. धनी होऊन नव्हे, मागे राहून. सल्ला विचारला तर द्यावयाचा, चूक दिसली तर एकांतात सांगावयाची, आणि पुष्कळदा गप्प बसावयाचे. हेच होस्ट पुढे टेलर यांच्या जागी त्या मोठ्या मिशनचे मुख्य झाले. आमच्याकडील मंडळ्यांत हिंदी पाळक व परदेशी मिशनरी यांच्यात ह्याच प्रश्नावरून किती खटके उडाले, ते वाचक जाणतातच.

वयाची साठी जवळ येत चालली. उपास, प्रवास आणि रात्रीची जागरणे ह्यांनी शरीर झिजले होते. १८९५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटापुढे अफूच्या चौकशीसाठी नेमिलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल आला; हिंदुस्थानातील अफू बंद करण्याचे विशेष कारण नाही, असा त्याचा झोक होता. तिकडे शान्सीत शी अंथरुणास खिळले. काही महिने आजारी राहून १९ फेब्रुवारी १८९६ रोजी त्यांनी देह ठेविला. ज्या डेव्हिड हिल यांच्या खोलीत त्यांनी प्रथम नवा करार उघडला, ते हिलही त्याच वर्षी हांकाव येथे तापाने वारले.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १९०६ साली चीनच्या बादशाही सरकारने दहा वर्षांत अफू बंद करण्याचा हुकूम काढिला. १९०७ साली हिंदुस्थान सरकारने निर्यात वर्षोवर्ष कमी करण्याचे कबूल केले, आणि १९१३ साली चीनकडे जाणारी हिंदी अफू थांबली. शान्सीतील अफू मात्र त्याने संपली नाही. लष्करी सुभेदारांच्या अमदानीत ती पुन्हा पेरली गेली, आणि १९५० नंतरच्या काही वर्षांतच तिचा उच्छेद झाला.

शी यांच्या पश्चात त्यांची पुष्कळ गृहे मालकावाचून ओस पडली. एका माणसाच्या हाती सर्व दोऱ्या ठेविल्याचे हे फळ होते. परंतु बाईंनी हात टेकले नाहीत. त्या काम पाहत राहिल्या. ज्या ह्वोचाव शहरासाठी त्यांचे दागिने विकले गेले होते, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी मिल्ड्रेड केबल आणि फ्रेंच भगिनी ह्या मिशनरी स्त्रियांनी मुलींची मोठी शाळा चालविली, आणि अफू सोडावयास आलेल्या बायांसाठी तेथे जागा ठेविली. खेड्यांतून त्या बाया गाढवावर किंवा छकड्यात बसून येत, पुष्कळदा कडेवर मूल घेऊन. कारण आईच्या दुधातून त्या मुलासही अफूची सवय लागलेली असे, आणि दोघांची सुटका बरोबरच करावी लागे.